‘ठीक’ म्हणणारा लॉग: चोपड्याच्या केळीबागेतलं एक प्रकरण

शॉट ७२ सेकंदांचा होता. खोडातून नुकतंच बाहेर पडलेलं केळीचं कमळ खाली वळतं, जांभळ्या पाकळ्या एकेक करून उचलल्या जातात, त्यांच्याखालून फण्या डोकावतात, आणि कॅमेरा खोडाच्या कडेनं तिरपा वर सरकत राहतो. बारा दिवसांचं काम ७२ सेकंदांत. जळगावला स्टुडिओत येऊन पहिल्यांदा लावून पाहिलं, तर अकराव्या सेकंदाला अख्खा घड टुणकन वर उडाला. पुन्हा विसाव्याच्या आसपास तसंच. सगळे मिळून नऊ झटके.

लॉग फाइल, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या प्रत्येक कामाची नोंद लिहितं ती फाइल, उघडली. प्रत्येक हालचालीपुढे एकच शब्द होता: ठीक.

कॅमेरा सरकवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, वापरणाऱ्या किंवा भाड्यानं आणणाऱ्या कुणालाही हे प्रकरण उपयोगी पडेल असं मला वाटतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. बिघाड तसा साधा होता. तो सापडायला जो वेळ गेला, तो लॉगमध्ये काय लिहायचं याचा विचार मी आधी न केल्यामुळे गेला.

काय, कुठे, कशानं

शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी केळीवरचा एक माहितीपट आम्ही करत होतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा हा सगळा पट्टा तिच्यावर जगतो. पण निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सलग पाहिलेलं माणूस बागेतही क्वचितच भेटतं, कारण ते इतकं सावकाश होतं. ते दाखवायचं होतं. चोपडा तालुक्यातल्या एका बागेच्या मालकांनी, त्यांना सगळे नाना म्हणतात, कांदेबागेतली एक ओळ आम्हाला देऊन टाकली. ऑक्टोबरची लागवड, निसवण एप्रिल-मेमध्ये. चहूबाजूंनी शेवरीचं कुंपण असल्यामुळे वाऱ्याचा त्रास कमी.

यंत्र आम्हीच जुळवलेलं. मीटरभर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा रूळ, खोडाला समांतर जाईल असा तिरपा लावलेला. त्यावर कॅमेऱ्याची गाडी. दोन मिलिमीटर दात्यांचा पट्टा, २० दात्यांची पुली, एका फेऱ्याला २०० पावलं टाकणारी स्टेपर मोटर, आणि प्रत्येक पावलाचे सोळा भाग करणारा, मोटरला चालवणारा छोटा बोर्ड, म्हणजे ए-४९८८ ड्रायव्हर. म्हणजे पुलीच्या एका फेऱ्यात पट्टा ४० मिमी सरकतो आणि त्यासाठी ३२०० सूक्ष्म पावलं लागतात. एका मिलिमीटरला ८०. दर दहा मिनिटांनी एक फ्रेम, बारा दिवसांत १७२८ फ्रेम, प्रत्येक फ्रेममागे अर्धा मिलिमीटर, म्हणजे ४० सूक्ष्म पावलं. एकूण सरक ८६४ मिमी. हे आकडे पुढे कामाला येणार आहेत.

हुकूम द्यायला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), त्यावर मी पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्राम. तो आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला ‘४० पावलं’ सांगतो, आर्डुइनो ड्रायव्हरला तेवढे ठोके देतो, गाडी थांबली की प्रोग्राम कॅमेऱ्याचं शटर दाबतो. वीज विहिरीच्या मोटरच्या खोलीतून, मध्ये घरगुती इन्व्हर्टर. पायला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर. स्टेपर मोटरला मात्र पट्टी-लाइटसाठी मिळतो तसला १२ व्होल्ट वीज देणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, ज्याच्या कडेला ११० किंवा २२० निवडायचं बटण असतं. वीज अशी दोन वाटांनी येते, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

जुना लॉग का मुका ठरला

पहिली अडचण म्हणजे लॉग अर्धासुद्धा शिल्लक नव्हता. फाइल १ एमबीची झाली की नवी सुरू करायची आणि जुन्या पाचच ठेवायच्या, अशी फिरती फाइल मी लावली होती. कार्ड भरू नये म्हणून हे सगळेच करतात. पण लॉगची पातळी ‘डीबग’वर, म्हणजे सगळ्यात बारीक तपशिलावर, राहून गेली होती. आर्डुइनोशी होणाऱ्या बोलण्याचा प्रत्येक बाइट फाइलमध्ये उतरत होता, एका फ्रेममागे सव्वाशे-दीडशे ओळी. सहा एमबीत जेमतेम सहाशे फ्रेम मावल्या. पहिल्या आठ दिवसांचा लॉग त्याच लॉगच्या कचऱ्याखाली पुसला गेला. नऊ झटक्यांपैकी सहांची नोंदच उरली नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. तो बंद होताना वेळ लिहून ठेवतो, चालू झाला की तिथून पुढे मोजायला लागतो आणि इंटरनेट मिळालं की वेळ सुधारून घेतो. बागेत इंटरनेट नव्हतं. जळगावात बंद केलेला पाय बागेत दोन दिवसांनी चालू झाला आणि आदल्या-परवाच्या वेळेनं लिहू लागला. दहाव्या दिवशी मी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून कार्डावर किती जागा उरली ते पाहिलं, त्या क्षणी त्याला खरी वेळ मिळाली आणि लॉग एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ४३ तासांनी पुढे गेला. फोटोंवर कॅमेऱ्याची वेळ बरोबर होती, लॉगमध्ये कुठे बरोबर, कुठे चूक. कुठल्या फ्रेमची ओळ कुठली, हे सांगायला ओळीत फ्रेमचा नंबरही नव्हता. तो मी घातलाच नव्हता.

तरी चिकाटीनं उरलेले तीन झटके लॉगमध्ये शोधून काढले. तिथेही तेच: हुकूम दिला, ४० पावलं, ठीक. आता त्या ‘ठीक’चा अर्थ पाहा. आर्डुइनोनं ४० ठोके पाठवले आणि ‘झालं’ असं उत्तर दिलं, इतकाच तो अर्थ. मोटर हलली का, पट्टा सरकला का, गाडी जागेवर आहे का, यातलं काहीच त्या शब्दात नाही. घरातल्या पोराला ‘दळण टाकून ये’ सांगावं आणि त्यानं ‘बरं’ म्हटलं की वहीत ‘दळण आलं’ लिहून टाकावं, तसं माझं सॉफ्टवेअर वागत होतं.

मी दीड दिवस पट्ट्यावर घालवला. ताण वाढवला, पुलीचे स्क्रू आवळले, गाडीची चाकं बदलली. वारा, उंदीर, कुणाचा धक्का, सगळ्यांवर संशय घेतला. मग थांबलो. त्याच बागेत अजून निसवायची झाडं होती, दुसरा टेक घेता येणार होता. पण तोच लॉग घेऊन पुन्हा बारा दिवस बसणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा त्याच वाटेनं जाणं. पुढचे चार दिवस फक्त लॉगवर काम केलं.

लॉगला डोळे देणं

सुरुवात प्रोग्राममधून नाही, लोखंडातून करावी लागली. जे मोजलं जात नाही, ते लॉगमध्ये कितीही सुंदर मांडलं तरी खोटंच.

रुळाच्या दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या पुलीवर एएस-५६०० हा चुंबकीय सेन्सर बसवला. तो एका फेऱ्याचे ४०९६ भाग मोजतो. आमच्या ४० मिमीच्या फेऱ्यात एक भाग साधारण ०.०१ मिमीचा. ही पुली मोटरशी जोडलेली नाही, पट्ट्याबरोबर फिरते. त्यामुळे मोटरला काय सांगितलं याच्याशी तिला कर्तव्य नाही, पट्टा खरंच किती सरकला तेवढंच ती सांगते. १२ व्होल्टच्या लाइनवर आयएनए-२१९ हा व्होल्टेज मोजणारा चिमुकला बोर्ड. आणि वेळेसाठी डीएस-३२३१ हे बॅटरीवालं घड्याळ. तिन्ही एकाच दोन तारांवर बोलतात, पत्ते वेगवेगळे असल्यामुळे भांडण होत नाही.

मीटरभर तारेमुळे पुलीवरच्या सेन्सरचं वाचन अधूनमधून चुकायचं. माझ्या पहिल्या मसुद्यात वाचन चुकलं की मागचाच आकडा पुन्हा लिहिला जात होता. ओळी गुळगुळीत दिसायच्या. रात्री झोपताना ते खटकलं, उठून बदललं. आता वाचन मिळालं नाही तर त्या रकान्यात आडवी रेघ येते. शून्यही नाही, जुना आकडाही नाही. रिकामी जागा रिकामीच दिसली पाहिजे.

व्होल्टेजच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. दर फ्रेमला, म्हणजे दहा मिनिटांतून एकदा व्होल्टेज वाचून लिहिलं, तर मधल्या वेळात अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला तरी दिसणार नाही. फ्रेमच्या वेळी लाइन पुन्हा १२ वर आलेली असणार. म्हणून प्रोग्रामचा एक वेगळा धागा, म्हणजे बाजूनं स्वतंत्र चालणारा भाग, सेकंदाला पन्नास वेळा वाचतो, प्रत्येक वाचन लिहीत बसत नाही, पण मागच्या ओळीपासून सर्वांत कमी आकडा कुठला होता तो लक्षात ठेवतो. ओळ लिहिताना तो ‘किमान’ लिहायचा आणि पुन्हा नव्यानं सुरू करायचं. १०.५ च्या खाली गेलं तर फ्रेमची वाट न पाहता त्याच क्षणी वेगळी ओळ, खड्डा किती खोल आणि किती लांब ते सांगणारी. नेमक्या वेळी घेतलेलं वाचन आणि दोन वेळांमधलं सर्वांत वाईट वाचन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संथ चालणाऱ्या कुठल्याही यंत्राच्या लॉगमध्ये दुसरं हवंच.

मग पायथनकडे वळलो. त्याच्या लॉगिंगमध्ये हे सगळं करायची सोय मुळातच आहे, फक्त आपण ती वापरत नाही. लॉगर, हँडलर, फॉरमॅटर आणि फिल्टर असे चार भाग. ओळ कुणी काढली ते लॉगर सांगतो, ती कुठे जाईल ते हँडलर ठरवतो, कशी दिसेल ते फॉरमॅटर, आणि जाऊ द्यायची की नाही ते फिल्टर. एकाच लॉगरला अनेक हँडलर लावता येतात आणि प्रत्येकाची पातळी, रूप वेगळं ठेवता येतं. मी दोन लावले. एक तपशिलाची फाइल, इंग्रजीत, माझ्यासाठी. दुसरी बागेची फाइल, मराठीत, एका फ्रेमला एकच ओळ. आर्डुइनोशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या लॉगरची पातळी ‘वॉर्निंग’वर, म्हणजे फक्त इशारे आणि चुका लिहिण्यावर, नेली, बाइटांचा तो सगळा पसारा एका ओळीत बंद झाला. फ्रेमचा नंबर आणि फोटोच्या फाइलचं नाव लॉगर-अ‍ॅडॉप्टरमधून प्रत्येक ओळीला आपोआप चिकटतं, त्यामुळे लिहिणाऱ्यानं विसरायचा प्रश्न उरला नाही.

वेळेचे रकाने दोन. एक भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, माणसासाठी. दुसरा पाय सुरू झाल्यापासूनचे सेकंद, जे कुणी घड्याळ पुढे-मागे केलं तरी मागे जात नाहीत. दोन्ही शेजारी असले की घड्याळानं उडी मारली तर ती लगेच उघडी पडते.

फाइल आकारानुसार फिरवणं बंद केलं, रोज मध्यरात्री नवी. जुन्या किती ठेवायच्या तिथे शून्य दिलं. पायथनच्या या हँडलरमध्ये शून्य म्हणजे काहीच पुसू नका. एका फ्रेमला एक ओळ असल्यावर दिवसाला १४४ ओळी, कार्ड भरायचा प्रश्नच नाही. आणि लिहिण्याचं काम रांगेवर टाकलं: शटर दाबणारा धागा ओळ रांगेत टाकून मोकळा होतो, कार्डावर उतरवायचं काम दुसरा करतो. कार्ड रेंगाळलं तरी शटर रेंगाळत नाही.

मराठीत का

बारा दिवस यंत्राजवळ मी नसतो. नानांचे सालदार असतात. पहाटे ठिबकचे व्हॉल्व फिरवायला येतात, दुपारी एक चक्कर, रात्री विहिरीची मोटर पाहायला एक. पहिल्या टेकला त्यांच्या हाती मी फक्त ‘लाल दिवा लागलेला आहे ना बघा’ एवढंच काम दिलं होतं. इंग्रजी ओळी त्यांच्या कामाच्या नव्हत्या. आता डब्यावर छोटा पडदा लावला, त्यावर बागेच्या फाइलमधल्या शेवटच्या पाच ओळी मराठीत. काही वेगळं दिसलं की फोटो काढून मला वॉट्सअ‍ॅप करायचा.

यात एक दिवस गेला तो असा. जळगावात विंडोजच्या लॅपटॉपवर चाचणी घेत होतो. प्रोग्राम सुरळीत चालला, फाइल उघडली तर मराठी ओळी गायब, नुसत्या इंग्रजी. फाइल उघडताना मी अक्षरांची पद्धत सांगितली नव्हती आणि विंडोजवर ठरलेली जी पद्धत धरली गेली तिच्यात देवनागरी बसत नव्हती. पायथनचा लॉगिंग विभाग अशा वेळी प्रोग्राम पाडत नाही. चूक काळ्या खिडकीत छापतो, ती ओळ सोडून देतो, पुढे जातो. शूटिंग लॉगमुळे बंद पडू नये म्हणून हे योग्यच आहे, पण काळी खिडकी कुणी पाहत नसेल तर ओळ गेल्याचा पत्ताही लागत नाही. फाइल हँडलरला ‘यूटीएफ-८’, म्हणजे देवनागरीही लिहू शकणारी पद्धत, असं स्पष्ट सांगितलं आणि प्रश्न मिटला. मराठीत लॉग लिहिणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करावं.

आकडे पडद्यावर देवनागरी, पण आकडेमोडीच्या फाइलमध्ये रोमन ठेवले. पायथनला देवनागरी आकडेही कळतात, तक्त्याच्या सॉफ्टवेअरना बहुधा कळत नाहीत.

शब्दांवर सालदार भाऊंबरोबर बसलो. मी ‘विचलन’ लिहिलं होतं, ते ‘फरक’ झालं. ‘आदेशित स्थान’ गेलं, ‘हुकूम’ आलं. ‘ठीक’ राहिला, पण आता तो मिळवावा लागतो: मोजलेली जागा हुकमाच्या ०.२ मिमीच्या आत असेल तरच. फरक जास्त असेल तर प्रोग्राम आधी गाडी परत जागेवर आणतो, पुन्हा मोजतो, मग शटर दाबतो आणि ओळीच्या शेवटी ‘दुरुस्त केली’ लिहितो. शिवाय डब्याला एक बटण दिलं. काहीही वेगळं दिसलं, ऐकलं, की दाबायचं. लॉगमध्ये ‘खूण’ अशी ओळ पडते.

तिसरी रात्र

दुसरा टेक सकाळी साडेनऊला सुरू झाला. पहिले दोन दिवस सगळ्या ओळी ‘ठीक’. उन्हानं डब्यात पायचं तापमान दुपारी ७८ अंशांवर गेल्याचं लॉगनं दाखवलं. ८० च्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून नानांनी डब्यावर वाळलेल्या केळीच्या पानांचं छप्पर बांधून दिलं. मग तिसऱ्या रात्रीच्या या तीन ओळी आल्या:

फ्रेम ०३७९ | ००:४० | हुकूम १८९.५० | मोजले १८९.४९ | फरक ०.०१ | किमान ११.९ व्होल्ट | ठीक

इशारा | ००:४३:१७ | मोटरची लाइन ६.९ व्होल्टवर, ०.६ सेकंद

फ्रेम ०३८० | ००:५० | हुकूम १९०.०० | मोजले १८७.५९ | फरक २.४१ | किमान ६.९ व्होल्ट | दुरुस्त केली

सकाळी सात वाजता या ओळींचा फोटो माझ्या फोनवर होता. खोटं नाही सांगत, मी तो जळगावच्या बसस्टँडवर उभं राहून चार-पाच वेळा वाचला.

२.४१ या आकड्यानंच अर्धं काम केलं. पट्टा दात्यावरून घसरला असता तर फरक २ मिमीच्या पटीत आला असता: २, ४, ६. २.४ ही २ ची पट नाही. पण स्टेपर मोटरला एक खोड आहे. तिची ताकद क्षणभर गेली आणि ड्रायव्हरची आठवण शाबूत राहिली, तर ताकद परत आल्यावर ती चार पूर्ण पावलांच्या जवळच्या खाचेत जाऊन बसते. २०० पावलांच्या मोटरला अशा ५० खाचा. ४० मिमीचे ५० भाग केले की ०.८ मिमी. २.४ म्हणजे बरोब्बर तीन खाचा. म्हणजे पट्टा निर्दोष, पुली निर्दोष, स्क्रू निर्दोष. मोटरची वीज गेली, तिरप्या रुळावर कॅमेऱ्याच्या वजनानं गाडी तीन खाचा खाली आली, वीज परतली, मोटरनं तिला तिथेच धरलं. ए-४९८८ ला मोटरसाठी कमीत कमी ८ व्होल्ट लागतात, ६.९ वर त्याच्या हातात काही उरत नाही. त्याच वेळी पाय आणि आर्डुइनो वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर निवांत चालू होते, कारण तो अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टपासून काम करतो. त्यांना काही झाल्याचं कळलंच नव्हतं.

वीज का गेली? मी बागेत पोचलो तेव्हा सालदार भाऊ ठिबकच्या फिल्टरजवळ होते. फोटो दाखवून विचारलं, पावणेएकला इथे काय झालं? ते म्हणाले, “मोटर चालू व्हयनी का तुमना डब्बाना लाल दिवा बुजी जास.” विहिरीवरची मोटर सुरू झाली की तुमच्या डब्याचा लाल दिवा विझतो. क्षणभरच, लगेच लागतो. पहिल्या टेकलाही त्यांनी हे पाहिलं होतं. मी त्यांना दिवा ‘लागलेला आहे ना’ एवढंच बघायला सांगितलं होतं, आणि तो लागलेलाच असायचा.

शेतीची थ्री-फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उठून कोण जाणार, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप उठते. असे ऑटो त्या डीपीवरच्या, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्याच विहिरींवर आहेत. लाइट आली की सगळ्या मोटरी जवळजवळ एकदमच उठतात आणि थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइनच्या टोकाला व्होल्टेज बसतं. आमचा इन्व्हर्टर अशा वेळी बॅटरीवर जायला हवा होता. पण त्याच्या मागचं बटण व्होल्टेजच्या रुंद पट्ट्याच्या बाजूला होतं. त्या पट्ट्यात तो १०० व्होल्टपर्यंत मेनचीच वीज पुढे पाठवतो; संगणकासाठीच्या दुसऱ्या पट्ट्यात १८० च्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर जातो. पायच्या अ‍ॅडॉप्टरला ती उतरलेली वीज पुरली, २२० वर ठेवलेल्या एसएमपीएसला पुरली नाही.

नानांच्या ओसरीत लाइटच्या पाळीचा कागद भिंतीला लावलेला असतो. पहिल्या टेकच्या नऊ झटक्यांच्या फोटोंवरच्या वेळा काढून तो समोर धरला. सात झटके पाळी सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत. दोन भलत्याच वेळी. नानांनी तारखा पाहिल्या आणि म्हणाले, “भाऊ, या दोन रात्री फॉल्ट होता. लाइट जाऊन परत आली.” नऊच्या नऊ बसले.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. इन्व्हर्टरचं बटण बदललं आणि स्टेपर मोटर एसएमपीएसवरून काढून मोटरसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतली, तिला चार्जर कायमचा जोडून. उरलेल्या नऊ दिवसांत पाळ्या नेहमीसारख्याच आल्या, विहिरीच्या मोटरीही उठल्या, पण ‘किमान’चा रकाना ११.८ च्या खाली उतरला नाही आणि ‘दुरुस्त केली’ पुन्हा एकदाही आलं नाही. तिसऱ्या रात्रीची ती फ्रेम मी शॉटमध्ये थांबवून, मोठी करून पाहिली. ३७९ आणि ३८० मध्ये काही दिसत नाही. गाडी शटरच्या आधी जागेवर आली होती.

लॉगच्या रकान्यांची यादी आता प्रोग्राममध्ये नाही, वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्या शूटला कोडला हात न लावता रकाने बदलता येतात. धुळ्याच्या एका मित्रानं तेच सॉफ्टवेअर टेबलावर उत्पादनाच्या जाहिरातीसाठी लावलं. त्याला व्होल्टचा रकाना नको होता, लाइटच्या मंदपणाचा हवा होता. त्यानं तो स्वतः घातला.

‘खूण’चं बटण आम्ही बिघाडासाठी दिलं होतं. पाचव्या दिवशी पहाटे ६ वाजून १४ मिनिटांनी लॉगमध्ये एक खूण पडली. वरखालची प्रत्येक ओळ ठीक, व्होल्ट ठीक, फरक ०.०१. मी घाबरून सालदार भाऊंना फोन लावला, काय झालं विचारलं. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता.

“पहिली फनी उघडनी ना दादा, म्हनून दाबं.”

फ्रेम ५५६. शॉटच्या तेविसाव्या सेकंदाला जांभळी पाकळी उचलली जाते आणि तिच्याखालून फिकट पिवळी बोटं दिसतात, ती ही फ्रेम. माहितीपटात निवेदन तिथे थांबतं. ती जागा संकलकाला लॉगमधून मिळाली.